आडाच्या काठावरचा गाळ

आडाची उत्तरेकडची भिंत खाली गेली तेव्हा फार मोठा आवाज झाला नाही. ट्रॉलीतून दगड ओतल्यासारखा घरंगळल्याचा आवाज आला, मग चिखल पडल्याचा, आणि मग काहीच नाही. वर आम्ही चाळीसएक माणसं होतो. प्रत्येकाच्या हातातलं घमेलं हातातच राहिलं. धूळ उठली नाही, कारण गाळ ओला होता.

खाली दोघी होत्या. एक माझी नात, एकोणीस वर्षांची. दुसरी तिची मैत्रीण, गावातल्या टेलरची मुलगी, तिच्याहून दोन वर्षांनी मोठी. आड पाच परस खोल, म्हणजे तीस फुटांच्या आसपास. तळाशी जागा अरुंद, म्हणून अंगानं बारीक असलेल्या मुलीच खाली उतरत आणि बादल्या भरून देत.

मी दक्षिणेच्या बाजूनं पालथी पडून खाली पाहिलं. टेलरची मुलगी छातीपर्यंत गाळात होती. माझी नात कमरेपर्यंत, आणि तिच्या पुढ्यात भिंतीचे दगड पडले होते.

“जित्या हायेत,” मी म्हणाले.

खालून नात ओरडली, “आजी, पाय अडकलाय! डावा! हलत न्हाई!”

माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप, दोराला हात घालून उतरायला निघाला. त्याच्यामागं आणखी तिघं. मी उठून दोराच्या पुढं उभी राहिले आणि म्हणाले, “कुनी उतरायचं न्हाई. आधी ढीग हलवा.”

ढीग म्हणजे आडातून काढलेला गाळ. सहा आठवड्यांचा. उत्तरेच्या काठाला लागून, माणसाच्या डोक्यापर्यंत येईल एवढा उंच. भिंतीबरोबर त्याचा थोडा भाग खाली गेला होता, पण बराचसा वरच होता. काठ आणि ढीग यांच्या मधल्या जमिनीला बोटभर रुंद भेग पडलेली मला दिसली.

मुलगा म्हणाला, “आये, तुला अजून गाळाची पडलीय?”

मागून वरच्या आळीतलं कुणीतरी बोललं, “म्हातारी वाट्याचं बोलतीय बघा. पोरी मरत्यात आन्‌ हिला वाटा पायजे.”

त्यांना तसं वाटणं चुकीचं नव्हतं. त्या ढिगाबद्दल गावात सगळ्यांत जास्त मीच बोलले होते.

ढीग तिथं कसा आला ते आता सांगते. पेपरात आलं त्यात हे नव्हतं.

आमचं गाव तिसगावच्या पलीकडं, पाथर्डी तालुक्यात. गाव वर, आमची बौद्धांची वस्ती उतारावर, आणि आड दोहोंच्या मधोमध. माझ्या सासूच्या वेळी आमच्या माणसांना त्या आडावर पोहरा टाकता येत नसे. खाली दगडाशी घागर ठेवून बसायचं आणि वरून कुणी ओतलं तर घ्यायचं. मी सून म्हणून आले तोवर ते बंद झालं होतं. भांडणं करून बंद झालं, आपोआप नाही. पुढं नळ आला, नळाला पाणी येईना म्हणून टँकर आला, आणि आड कुणालाच लागेनासा झाला. लोक त्यात कचरा टाकू लागले. फुटकी घागर, देवाचे जुने फोटो, मेलेलं कुत्रं, लग्नातल्या पत्रावळ्या. वस्तीनं टाकलं, गावानंही टाकलं. त्यात भेदभाव नव्हता.

माझी नात तिसगावला कॉलेजात जाते, टेलरची मुलगीही. दोघी एकाच एसटीनं जात. कॉलेजचं सात दिवसांचं शिबिर होतं, त्यात दोघी डोंगराकडच्या एका गावाला जाऊन चर खणून आल्या. नात आली ती हाताला फोड घेऊन. मी तेल लावायला बसले तर म्हणाली, “आजी, आमी परक्या गावात खणून आलो. आपला आड तसाच हाय.”

“मग?”

“मग काढायचा गाळ.”

“कोन काढनार?”

“आमी.”

मी हसले. टेलरची मुलगी दारात उभी होती. ती म्हणाली, “आजी हसा, पण दोन घमेली द्या. तुमच्याकडं हायेत, मला माहीत हाय.”

होती. मोठ्या दुष्काळात मी चौदा-पंधरा वर्षांची होते. चौथीनंतर शाळा सुटलेली. तेव्हापासून सरकारी कामावर खडी फोडली, तलावाची माती वाहिली, विहिरी खणल्या. घमेलं कसं धरायचं ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती. दोन दिली.

पहिल्या रविवारी सकाळी त्यांच्या शिबिरातले बाराजण आले. पाच मुली, सात मुलगे. गावातली माणसं कडेला उभी राहून बघत होती. पोरांनी कुणाच्या तरी शेडचे तीन लोखंडी पाइप आणून वर एकत्र बांधले, मध्ये कप्पी लावली आणि दोरानं बादली वर ओढायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चपलाच चपला निघाल्या. एका म्हाताऱ्यानं मोजल्या आणि जोडी एकही लागत नाही म्हणून सांगितलं.

त्यांनी कुणाला भाषण केलं नाही. हे मी त्यांच्या बाजूनं लिहून ठेवते. आमच्या गावात भाषणं पुष्कळ होतात. ही पोरं आठ वाजता येत, बारा वाजता जात, आणि तेवढ्या वेळात चिखलात असत. तिसऱ्या रविवारी गावातल्या चार बाया आल्या, वस्तीतल्या सहा आल्या. मग रांग केली. आडापासून ढिगापर्यंत एका हातातून दुसऱ्या हातात घमेलं.

रांगेत एक गोष्ट झाली. वरच्या आळीतली एक बाई, चांगल्या घरची, कष्टाळू, तिच्यापुढं आमच्या वस्तीतली बाई उभी होती. ही बाई घमेलं हातात देईना. खाली जमिनीवर ठेवी, आणि आमच्या बाईनं ते उचलावं. सगळ्यांनी पाहिलं. माझ्या नातीचं तोंड लाल झालं, ती पुढं निघाली, तेवढ्यात टेलरच्या मुलीनं तिचा हात धरला आणि स्वतः जाऊन दोघींच्या मध्ये उभी राहिली.

त्या बाईनं पुन्हा घमेलं खाली ठेवलं.

“काकू,” टेलरची मुलगी म्हणाली, “खाली ठेवता तर मला वाकावं लागतं. माझी कंबर आत्ताच गेलीय. लगीन व्हायचंय माझं. हातात द्या.”

लोक हसले. बाईही हसली. तिनं घमेलं हातात दिलं. पण तिलाच दिलं, आमच्या बाईला नाही. मग पुढचे तीन रविवार, रांग लागली की टेलरची मुलगी त्या दोघींच्या मध्ये उभी राही. ती खाली उतरली असेल त्या दिवशी पुन्हा घमेलं जमिनीवर. एवढंच झालं होतं. याला कुणी समाजबदल म्हणत असेल तर म्हणावं.

आता गाळाचं. आडातला गाळ म्हणजे चांगली माती. मुरमाड रानात टाकली तर पीक बदलतं. त्यामुळं गाळ निघू लागला तशी माणसांची गर्दी वाढली. ग्रामपंचायतीपुढच्या पत्र्याखाली बैठक बसली. गाळ कुणी न्यायचा? ट्रॅक्टरवाले म्हणाले, आम्ही उचलतो, जागा मोकळी करून देतो. तेव्हा मी उठले.

आधी एकदा पाझर तलावातला गाळ असाच निघाला होता. ज्यांच्याकडं ट्रॅक्टर होते त्यांनी तो दोन दिवसांत आपापल्या रानात नेला. आमच्या वस्तीला शेवटी दगडगोटे उरले. माझं दीड एकर आहे, सगळं मुरूम. मला त्याचा राग होता, अजूनही आहे.

मी म्हणाले, “गाळ कुनी हलवायचा न्हाई. आडापाशी, सगळ्यांच्या डोळ्यापुढं ढीग ऱ्हाईल. काम संपल्यावर वाटे घालायचे. घराप्रमानं. चिठ्ठ्या टाकून.”

ते सगळ्यांना पटलं. वस्तीला पटलं, मुसलमान आळीला पटलं, वरच्या आळीतल्या ज्यांच्याकडं ट्रॅक्टर नव्हता त्यांनाही पटलं. एकाचा दुसऱ्यावर विश्वास नव्हता, म्हणून ढीग मधोमध राहिला. दोन पावलं बाजूला न्यावा तर कुणाच्या बांधाच्या जवळ जातो, यावरून वाद. शाळेच्या मागं न्यावा तर ती बाजू वरच्या आळीची. आडाचा काठ कुणाचाच नव्हता. तिथंच टाकत गेलो.

मला माहीत होतं. हे मी स्पष्ट लिहिते. विहिरीच्या कामावर पहिल्या दिवशी मुकादम एकच गोष्ट सांगायचा, काढलेली माती काठापासून दोन माणसं झोपतील एवढ्या अंतरावर टाका. माती जड असते, काठ बसतो. माझ्या देखत एका विहिरीचा काठ असा बसलेला आहे. तिथं खाली कुणी नव्हतं.

चौथ्या रविवारी टेलरच्या मुलीनं मला विचारलं, “आजी, ढीग लई जवळ न्हाई का? शिबिरात सर म्हनत हुते, माती लांब टाकायची.”

मी म्हणाले, “जुनं दगडी बांधकाम हाय. काय होत न्हाई.”

मी तिथली सगळ्यांत जुनी मजूर. माझ्या शब्दावर ती गप्प बसली. सहाव्या रविवारच्या आदल्या दिवशी दुपारी वळवाची सर येऊन गेली. ढीग भिजला. भिजलेल्या गाळाचं वजन दुप्पट होतं. हेही मला माहीत होतं. सकाळी मी ढिगाकडं पाहिलं आणि आता प्रत्येक घराला किती येईल याचा अंदाज केला.

तर मी दोरापुढं उभी होते आणि मुलगा मला बाजूला ढकलत होता.

मी त्याला भेग दाखवली. म्हणाले, “तिकडं बघ. ही बाजू अजून यायची हाय. तुमी चौघं उतरलात आन्‌ ती आली तर सहाजन खाली.”

“मग काय नुस्तं बघत बसू?”

“घमेलं घे. मागनं काढ. ढिगावर कुनी चढू नका. रानाकडच्या बाजूनं ओढा आन्‌ लांब टाका.”

“कुठं?” कुणीतरी विचारलं. तशा वेळीही विचारलं.

“कुठंबी! शाळेमागं टाका, वरच्या आळीच्या दारात टाका, माझ्या डोक्यावर टाका!”

मुलगा हलेना. मला शिवी देऊन तो पुन्हा दोराकडं वळला. तेव्हा टेलर पळत आला. त्याला कुणीतरी दुकानातून बोलावलं होतं. तो कुणाशी न बोलता दक्षिणेच्या काठावर गुडघ्यावर बसला आणि खाली वाकून विचारलं, “बेटा, वरनं काय पडतंय का?”

“खडे पडतायत अब्बा,” खालून मुलगी म्हणाली. “बारीक बारीक. थांबतात, मग पडतात.”

तो उठला. माझ्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “भाई, आक्का बराबर बोलती. भिंत चालू हाय अजून. पयला ढीग.” आणि त्यानं स्वतः ढिगामागं जाऊन फावडं घेतलं. ज्याची पोरगी खाली आहे त्यानं फावडं घेतल्यावर मग बाकीचे बोलायचे थांबले. माझा मुलगाही गेला. माझ्याकडं न पाहता गेला.

एकजण ट्रॅक्टर आणायला धावला. त्याला मी हाक मारून थांबवलं. ट्रॅक्टरच्या हादऱ्यानं काठ राहिला नसता. जे करायचं ते हातानंच.

रांग लागली. कुणी लावली नाही. ढिगापासून शाळेच्या मागच्या भिंतीपर्यंत, पन्नास-साठ माणसं. आणखी येत गेली. मी रांगेत नव्हते. मी काठावर भेगेवर नजर ठेवून होते, रुंद होते का बघत. पण ती वरच्या आळीतली बाई मला समोर दिसत होती. तिच्यापुढं आमच्या वस्तीतलीच बाई होती, तीच. मधली खाली आडात होती. घमेलं हातातून हातात जात होतं. त्या वेळी ते माझ्या ध्यानात आलं, असं म्हणणं खोटं होईल. नंतर आठवलं.

शिबिराच्या पोरांपैकी एकानं दोन मोटरसायकलची हेल्मेटं आणली आणि बादलीतून खाली सोडली. ते मला सुचलं नव्हतं. दोघींनी डोक्यात घातली. टेलरच्या मुलीचे हात मोकळे होते. ती स्वतःच्या अंगावरचा गाळ सोडून माझ्या नातीच्या पुढचा उपसत होती.

“तुझा आधी काढ की,” नात तिला म्हणाली.

“गप बस. तुझ्याकडचा मऊ हाय.”

मग नात वर पाहून ओरडली, “आजी! वर सभा भरलीय का? ठराव कुनी मांडला?”

“ढीग काढतायत,” मी म्हणाले.

“वाटे घालून?”

तिला दुखत होतं, म्हणून ती बोलत होती. थोड्या वेळानं ती बोलायची थांबली, आणि मग टेलरची मुलगी तिला प्रश्न विचारत राहिली. एसटीचा कंडक्टर कुठला, आईच्या गावाचं नाव काय, असलं काहीही. नात एका शब्दात उत्तर देई. मी ते ऐकत होते. उत्तर यायला वेळ लागला की मी भेगेकडं पाहायचं सोडून खाली पाही.

ढीग निम्म्याच्या खाली जायला किती वेळ लागला ते नक्की सांगता येत नाही. कुणी अर्धा तास म्हणतं, कुणी दीड. मी तासाभराच्या आसपास धरते. भेग वाढली नाही. मग लोकांनी घरांतले दरवाजे काढून आणले, बाजा आणल्या, आणि दक्षिणेच्या काठावर आडव्या टाकल्या, म्हणजे माणसांचा भार एका जागी पडू नये. मी दोरापासून बाजूला झाले. माझा मुलगा आणि शिबिरातला एक मुलगा कमरेला दोर बांधून उतरले.

टेलरची मुलगी आधी वर आली. तिला ओढताना तिचा एक बूट गाळात राहिला आणि ती तो मागत होती. नातीच्या पायावर तीन दगड होते, त्यांतला एक घडीव, आडाच्या वरच्या थरातला. मुलानं आणि त्या पोरानं ते हातानं हलवले. पहार वापरता येत नव्हती, जागाच नव्हती. तिला चादरीच्या झोळीत वर घेतलं तेव्हा ती शुद्धीत होती. माझ्याकडं पाहिलं आणि डोळे मिटले. तिसगावहून ॲम्ब्युलन्स आली होती, ती तिला नगरला घेऊन गेली.

नगरला डॉक्टरांनी डावा पाय गुडघ्याखाली काढला. पाय फार वेळ दबून राहिला, रक्त पोचलं नाही, असं त्यांनी सांगितलं. माझ्या मुलानं विचारलं, तासभर आधी तिला वर काढलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. मग मुलानं मला विचारलं नाही, पण माझ्याकडं पाहिलं. मीही तेच म्हणाले, सांगता येत नाही. भिंतीचा उरलेला भाग त्या दिवशी पडला नाही. ढीग काढला म्हणून पडला नाही, की तसाही पडला नसता, हे कुणालाच कधी कळणार नाही. मुलगा चार महिने माझ्याशी कामापुरतं बोलला.

पेपरात आलं की वृद्धेच्या प्रसंगावधानामुळं दोन तरुणींचे प्राण वाचले. माझा फोटो होता. ग्रामसभेत शाल आणि नारळ दिला. दोन शब्द बोला म्हणाले. मी उभी राहिले आणि सांगितलं, “ढीग काठावर माझ्यामुळं हुता. काठावर टाकायचा नसतो हे मला ठावं हुतं. टेलरच्या पोरीनं इचारलं तवा मी खोटं सांगितलं.”

सरपंच म्हणाले, “झालं गेलं, आज्जी. बसा.” मागून एकजण म्हणाला, “म्हातारीला सत्कार मानवना झालाय.” लोक हसले. त्यांचंही बरोबर होतं. बैठकीत हात सगळ्यांनी वर केले होते. माझी चूक मानायची तर प्रत्येकाला आपलीही थोडी मानावी लागली असती. शाल मी दळणाचा डबा बांधायला वापरते. जाड आहे, गाठ चांगली बसते.

काम आठ महिने बंद होतं. आता कोण उतरणार, असं सगळे म्हणत होते. टेलरही म्हणत होता. मुलीला त्यानं कॉलेजला जाऊ दिलं, आडावर नाही. मग एका रविवारी सकाळी आठ वाजता ती माझ्या दारात आली.

“आजी, घमेली.”

“बापाला इचारलंस?”

“अब्बांनीच दोर आनून दिलाय. नवा.”

या वेळी त्यांनी कामाची पद्धत बदलली. आधी गवंडी बोलावून पडलेली भिंत खालपासून बांधून घेतली, दगड पोरांनी वाहिले. आडाभोवती पंधरा फुटांवर चुन्याची रेघ मारली. रेघेच्या आत घमेलं टेकवायचं नाही, कुणाचं का असेना. नातीला नगरहून नवा पाय बसवला होता, पण त्यावर फार वेळ उभं राहता येत नसे. ती रेघेवर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसे आणि कुणी आत गाळ टाकला की ओरडे. आवाज तिचा माझ्यावर गेला आहे. एकदा सरपंचालाही ओरडली, तो फोन धरून आत गेला होता आणि हातात घमेलंही नव्हतं.

आड साफ झाला. त्या उन्हाळ्यात दोन परस पाणी होतं. आता मोटर बसवली आहे, तोट्या आहेत, चार वस्तीच्या बाजूला आणि चार गावाच्या बाजूला. म्हणजे पुन्हा दोन बाजू झाल्याच. पण पाणी एकाच आडाचं आहे आणि मोटर चालू करायची पाळी दोन्हीकडं असते. ती वरच्या आळीतली बाई पाळीच्या दिवशी वस्तीत किल्ली द्यायला येते. दारात उभी राहते, हातात देते. आत येऊन चहा घेत नाही. मी दर वेळी विचारते, ती दर वेळी घाईत असते.

तो पहिला गाळ शाळेच्या मागं पडला तो तिथंच राहिला. वाटे कुणी मागितले नाहीत. मीही नाही. त्यावर वेड्या बाभळी उगवल्या आहेत. माझं दीड एकर अजून मुरूमच आहे.

नातीनं मला एकदाच विचारलं. सकाळी ती पायाचे पट्टे आवळत होती, कॉलेजची एसटी धरायची होती.

“आजी, तू ग्रामसभेत म्हनालीस ते खरं हुतं? तुला माहीत हुतं?”

“व्हय.”

“मग का टाकू दिला?”

“वाटा बुडंल म्हनून.”

तिनं पट्टा ओढून बक्कल लावलं. दोनदा पाय जमिनीवर आपटून बघितला.

“मग ढीग आधी काढायला लावलास, ते?”

“ते कामावर शिकले हुते.”

“काठावर टाकायचा न्हाई आन्‌ आधी काढायचा, दोनी एकाच ठिकानी शिकलीस,” ती म्हणाली. दप्तर उचललं आणि गेली. त्यानंतर तिनं हा विषय काढलेला नाही. राग आहे की नाही मला माहीत नाही. घरी असली तर जेवायला शेजारी बसते.

टेलरच्या मुलीचं मागल्या वर्षी लग्न झालं, नेवाशाला दिली. तिथं तिनं काय सुरू केलं ते फोनवर नातीला सांगत असते. नात या वर्षी शेवटच्या वर्षाला आहे. त्या दिवशी आडात दोघी होत्या. दोघी जगल्या.